कार्डावरची दोन पुस्तकं

२४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात गायकवाड वाड्याची झडती झाली. वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाच्या घरात कागदांना काय तोटा! पण त्या ढिगातून पोलिसांनी नेमकं उचललं आणि पुढे मुंबईच्या हायकोर्टात पुरावा म्हणून मांडलं, ते एक साधं पोस्टकार्ड होतं. त्यावर कसला कट नव्हता की कोणाला निरोप नव्हता. स्फोटक द्रव्यांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं तेवढी लिहिलेली होती.

खटला होता 'केसरी'तल्या लेखांवर, १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बॉम्ब फुटला होता आणि त्याच्या धक्क्यात सरकारने ८ जूनला स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा करून टाकला होता. टिळकांचं म्हणणं असं की, या कायद्यावर टीका करायची तर स्फोटक कशाकशाला म्हणतात ते आधी वाचायला हवं, म्हणून पुस्तकांची नावं टिपून ठेवली. त्यांनी आपला बचाव आपणच केला, जवळजवळ २१ तास बोलले. ज्युरीतल्या नऊ जणांपैकी सात जणांनी दोषी ठरवलं, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळक ब्रह्मदेशातल्या मंडालेला गेले.

शिक्षा लेखांसाठी झाली, कार्डासाठी नाही, हे खरं. तरी ते कार्ड ज्युरीपुढे ठेवण्यामागचा विचार मला थक्क करतो. एका माणसाला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याने ती टिपली, टिपण पोलिसांच्या हाती लागलं आणि कुतूहलाचा हेतू झाला. आज आपण दिवसातून कितीतरी वेळा फोनच्या शोधचौकटीत असली कार्डं लिहितो. छातीत डाव्या बाजूला दुखतं ते कशाने, शेजाऱ्याने बांध सरकवला तर कुठलं कलम लागतं, अमुक पक्षाच्या उमेदवारावर गुन्हे किती. फरक एवढाच, की १९०८ साली कार्ड मिळवायला झडतीचं वॉरंट घेऊन वाड्यात शिरावं लागलं. आपली कार्डं लिहिल्याबरोबर दुसऱ्याच्या कपाटात जातात, तारीख-वेळेसकट.

टिळक मूळचे रत्नागिरीचे. २३ जुलै १८५६ रोजी याच गावात त्यांचा जन्म झाला, ते घर टिळक आळीत अजून उभं आहे. आणि रत्नागिरीच्या या मुलाला ज्या मंडालेत नेऊन ठेवलं, त्या मंडालेचा राजा तेव्हा रत्नागिरीत होता! थिबा राजाने २९ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडालेत इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. तिथून रंगून, मद्रास असं करत एप्रिल १८८६ मध्ये त्याला राणी सुपायालत आणि मुलींसह रत्नागिरीत आणलं. टिळक मंडालेत पोचले तेव्हा थिबाची इथली बाविसेक वर्षं सरली होती. साम्राज्याने दोन गावांची माणसं अदलाबदल करून ठेवली होती.

रत्नागिरीच का, हे नकाशाकडे पाहिल्यावर कळतं. त्या काळात इथे यायचं म्हणजे आगबोटीने, नाहीतर आंबा घाट उतरून. पावसाळ्यात बोटी बंद. कोकण रेल्वेची पूर्ण वाट खुली झाली ती १९९८ मध्ये. आलेला माणूस लगेच नजरेत भरावा आणि जाणाऱ्याला वाट सापडू नये, अशी ही जागा. वर राजावर एक पोलीस अधिकारी खास नेमलेला. कोण भेटायला आलं, राजाने काय मागितलं, पैसा कुठे गेला, कोणतं जवाहीर कोणाकडे विकलं, हे सगळं टिपायचं आणि मुंबईला कळवायचं. टेकडीवरचा लाल राजवाडा, जो आज पाहुण्यांना दाखवतात, तो पूर्ण व्हायला १९१० उजाडलं. त्याआधीची दोन तपं राजाने साध्या बंगल्यांत काढली आणि नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला.

या पहाऱ्याची एक गंमत आहे. एवढं लिहून ठेवणारं सरकार, आणि थोरली राजकन्या प्रेमात पडली ती बंगल्याच्या दरवानाच्या, गोपाळ सावंतच्या! १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. ती याच गावात मोठी झाली, मराठी बोलत जगली. दारावर कोण येतं-जातं यावर लक्ष होतं; दारावर जो उभा होता त्याच्यावर लक्ष ठेवायचं कोणाला सुचलं नसावं. संगणक सुरक्षेचा धंदा करणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवली तर ते हसतील, कारण त्यांचंही पहिलं दुखणं बाहेरचा चोर नसून आतला, किल्ल्या असलेला माणूस हेच असतं.

थिबानंतर सात-आठ वर्षांनी रत्नागिरीला दुसरा मोठा स्थानबद्ध मिळाला. ६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकरांना येरवड्यातून सोडलं ते दोन मुख्य अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही, आणि राजकारणात जाहीरपणे किंवा खासगीत भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो, मला त्या अटीतलं 'खासगीत' फार बोलकं वाटतं. जाहीर सभेवर बंदी घालणं सोपं, पोलीस सभेत जाऊन बसतो. खासगीत राजकारण होत नाही याची खात्री सरकार कशी करणार? चार भिंतींच्या आत कान लावल्याशिवाय ती होत नाही.

आणि कान लावायचा कायदा तयारच होता. इंडियन टेलिग्राफ ॲक्ट १ ऑक्टोबर १८८५ पासून लागू झाला, म्हणजे थिबा शरण येण्याच्या दोनच महिने आधी. त्याच्या पाचव्या कलमात सरकारला अधिकार दिला होता की, सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर तारेतून जाणारा संदेश अडवावा, वाचावा. तेव्हा तार म्हणजे कट्ट-कडकट्ट. पुढे टेलिफोन आला, ट्रंक कॉल आले, पीसीओचे पिवळे बूथ आले, मोबाइल आला. कलमात १९७२ मध्ये थोडी डागडुजी झाली, पण मोबाइलवरचं बोलणं ऐकायला आधार त्याच कायद्याचा. दूरसंचार कायदा २०२३ मधल्या नव्या तरतुदी लागू व्हायला २०२४ उजाडलं. देशातली तारसेवा २०१३ मध्येच बंद पडली होती. तार मेली, तिच्यावर कान ठेवण्याचा कायदा मात्र आणखी ११ वर्षं जगला!

मधल्या काळात त्याला वेसण घालण्याचा प्रयत्न झाला. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की, फोन ऐकायचा हुकूम गृहसचिवाच्या सहीने निघावा, तो दोन महिने चालावा, सहा महिन्यांपलीकडे लांबवू नये, आणि समितीने तो तपासावा. कागदावर उत्तम. पण ही सगळी साखळी सरकारच्याच माणसांची, न्यायाधीश त्यात कुठे नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कधी कळवायचं नाही. २०२२ मध्ये पुण्यात एक गुन्हा नोंदला गेला. आरोप असा की, काँग्रेसचे नाना पटोले यांच्यासह काही राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांनी, अमली पदार्थांचे व्यापारी म्हणून दाखवून ऐकले गेले. पटोलेंच्या क्रमांकापुढे नाव होतं 'अमजद खान'. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा रद्द केला, तेव्हा आरोप कोर्टात सिद्ध झालेला नाही हे लक्षात ठेवावं. माझा प्रश्न फक्त एवढाच, की क्रमांकापुढे लिहिलेलं नाव खरं आहे का, हे सही करणारा सचिव कशावरून ठरवतो?

इथून पुढची गोष्ट मला खरोखर चमत्कारासारखी वाटते.

पोस्टकार्ड हिंदुस्थानात आलं १८७९ मध्ये, पाव आण्याला. स्वस्त, पण उघडं. वाटेतला प्रत्येक हात ते वाचू शकतो. आपलं सुरुवातीचं इंटरनेट असंच होतं. तुमचा ईमेल ज्या यंत्रांतून जाई, त्यातलं कुठलंही यंत्र तो वाचू शके. त्यावर उपाय म्हणजे पाकीट, आणि चांगलं पाकीट करायचं तर दोघांकडे एकच गुप्त किल्ली हवी. पण ती किल्ली एकमेकांना पाठवायची कशी? वाटेतला माणूस सगळंच वाचतोय, तर तो किल्लीही वाचणार. हजारो वर्षं राजे, हेर, व्यापारी या पेचात अडकले होते. किल्ली न्यायला विश्वासू जासूद लागायचा. दोन अनोळखी माणसांनी, तिसरा ऐकत असताना, मोठ्याने बोलूनच एक गुपित ठरवावं, हे अशक्यच मानलं जात होतं.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी ते करून दाखवलं. कॅल्क्युलेटर घ्या, आपणही करू. एक माणूस रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर आहे, दुसरा मंडालेत. दोघं सर्वांदेखत दोन संख्या ठरवतात, १७ आणि ३. आता रत्नागिरीकर मनातल्या मनात एक संख्या धरतो, समजा ६. तो ३ चा सहावा घात काढतो, ७२९. त्याला १७ ने भागतो आणि बाकी उरते ती मोठ्याने सांगतो: १५. मंडालेवाला मनात ७ धरतो. ३ चा सातवा घात २१८७, १७ ने भागून बाकी ११. तो ११ मोठ्याने सांगतो. ऐकणाऱ्या हेराला आता माहीत आहे १७, ३, १५ आणि ११. मनातले ६ आणि ७ माहीत नाहीत.

आता रत्नागिरीकर समोरून आलेल्या ११ चा आपल्या मनातल्या ६ इतका घात काढतो: १७,७१,५६१. भागिले १७, बाकी ८. मंडालेवाला आलेल्या १५ चा सातवा घात काढतो: १७,०८,५९,३७५. भागिले १७, बाकी... ८! दोघांकडे एकच संख्या आली. ती कोणी उच्चारली नाही, कोणी पाठवली नाही. ही झाली किल्ली.

इथे संख्या लहान आहेत म्हणून हेर बसून सगळ्या शक्यता तपासेल आणि ६ शोधून काढेल. खऱ्या व्यवहारात १७ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या घेतात. पुढे जायला संगणकाला क्षण पुरतो. बाकीवरून उलट घात शोधत यायला जगातल्या आजच्या सगळ्या संगणकांना मिळूनही आयुष्य पुरणार नाही. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असतं, तेव्हा याच जातीचं गणित होऊन गेलेलं असतं. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे सगळे संदेश याच कल्पनेच्या नव्या, वक्ररेषांच्या गणितावर बसवलेल्या रूपाने बंद होतात. शाळेच्या ग्रुपवरचं 'सुप्रभात'सुद्धा! १९०८ मधल्या साम्राज्याला अख्ख्या खात्यानिशी जी गुप्तता उघडता आली नसती, ती आपण गुलाबाच्या फुलाच्या चित्राला बहाल करतो.

यातला एक उपकथाभाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या हेरखात्यातल्या जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांनी हेच गणित या दोघा अमेरिकनांच्या आधी शोधलं होतं. खातं गुप्त, म्हणून शोधही गुप्त. तो जाहीर केला डिसेंबर १९९७ मध्ये, एलिस वारल्यानंतर महिना उलटायच्या आत.

या योजनेला एक भोक आहे. रत्नागिरीकराला कसं कळणार की ११ सांगणारा मंडालेतलाच आहे? मध्ये बसलेला तिसरा माणूस एका बाजूला मंडालेवाला आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरीकर बनून दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवू शकतो. म्हणून व्हॉट्सॲपवर कोणत्याही संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' उघडलं की ६० अंकी क्रमांक दिसतो. दोघांच्या फोनवर तो सारखा असेल तर मधे कोणी नाही. समोरासमोर बसून हे अंक जुळवून पाहिलेली जोडी मला अजून भेटलेली नाही.

सरकारांना ही पाकिटं रुचत नाहीत, यात नवल काय. त्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते पोकळ नाही. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांनी २०१८ मध्ये माणसं मारली गेली, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा फिरली होती ती फोनवरूनच. मग २०२१ च्या नियमांत आलं की, मोठ्या संदेश कंपन्यांनी मूळ संदेश कोणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सॲप कोर्टात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्यांच्या वकिलाने सांगितलं की, एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही देश सोडू. जाहिरातींवर जगणाऱ्या समूहाने आपल्या खासगीपणाचा कैवार घ्यावा, हाही काळाचा विनोदच.

पण फक्त सरकारसाठी म्हणून ठेवलेलं भोक पुढे कोणाच्या हाती जातं, याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. विंडोजमधली एक चूक अमेरिकेच्या एनएसए या संस्थेला सापडली होती. त्यांनी ती मायक्रोसॉफ्टला सांगण्याऐवजी हेरगिरीसाठी जपून ठेवली. हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडं पडलं. मे महिन्यात त्याच हत्याराने पसरणारा वॉनाक्राय हा विषाणू आला, आणि जूनच्या शेवटी नॉटपेट्या. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला तो विषाणू मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला, आणि न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल बंद पडलं. कंटेनर घेऊन आलेले ट्रक रांगेत उभे. कुठे अमेरिकन हेरांची तिजोरी, कुठे उरणचा रस्ता!

सॉफ्टवेअरच्या चोरीबद्दलही इथेच बोललेलं बरं. कुठल्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात 'क्रॅक' मारलेली विंडोज सापडते, आणि त्या दुकानदाराला नीतिपाठ देण्याची मला हौस नाही. मराठीत संगणक रुजला तो बराचसा अशाच प्रतींवर. पण क्रॅक मारताना पहिली सूचना असते 'आधी अँटीव्हायरस बंद करा', आणि नंतर पकडले जाऊ या भीतीने अपडेटही बंद ठेवतात. वॉनाक्रायचं औषध मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच अपडेटमधून पाठवलं होतं. ते ज्यांनी घेतलं नाही, ते अडकले. मात्र नॉटपेट्या आला तो पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या रीतसर अपडेटमधूनच. तेव्हा पावती म्हणजे कवच, असंही नाही.

आता पाकिटाकडे परत. आतलं पत्र बंद झालं, पण पाकिटावर बाहेरून लिहिलेलं असतंच: कोणी, कोणाला, कधी, कुठून. थिबाच्या अधिकाऱ्याला राजाच्या मनातलं कळत नव्हतं. तो येणारे-जाणारे आणि देणी-घेणी टिपत होता, आणि तेवढ्यावर साम्राज्याचं काम चालत होतं. आजही सगळी कमाई त्या बाहेरच्या मजकुरातच आहे. एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. नावं काढून टाकलेली, फक्त कोणता फोन कोणत्या तासाला कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता एवढंच. त्यात एखाद्याच्या कुठल्याही चार जागा-वेळा माहीत असतील तर शंभरातले ९५ जण नेमके ओळखता आले. चार! सकाळी मिरकरवाड्यात मासळीच्या लिलावाला, अकराला जिल्हाधिकारी कार्यालयात, दुपारी पावसला, रात्री शिरगावात: रत्नागिरीत असा दिवस जगलेली दुसरी व्यक्ती बहुधा नसेलच.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८२३ स्वयंसेवकांच्या फोनच्या नोंदींचा असाच अभ्यास २०१६ मध्ये छापला. बोलणं ऐकलं नाही, क्रमांक पाहिले. एकाला हृदयतज्ज्ञांकडून लांब फोन आला, लॅबशी थोडं बोलणं झालं, औषधाच्या दुकानातून फोन आले, आणि त्याने हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राच्या क्रमांकाला फोन केले. दुखणं काय हे सांगायला डॉक्टर लागलाच नाही.

लोक म्हणतात, लहान गावात कसलं आलंय खासगीपण. एसटी स्टँडवर उभं राहिलं की 'कुठे निघालास?' विचारायला तीन जण येतात. खरंच आहे. पण विचारणाऱ्यालाही आपण विचारू शकतो आणि चार दिवसांत दोघंही विसरतात. टॉवरला काही विचारता येत नाही.

पुस्तकांच्या नावांचं काय होतं तेही पाहू. एचटीटीपीएसमुळे तुमची इंटरनेट कंपनी तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे बहुतेक वेळा पाहू शकते, तिथे कोणतं पान वाचलं ते नाही. ग्रंथालयात शिरलात हे कळतं, पुस्तक कोणतं घेतलं ते कळत नाही. पण ज्या शोधयंत्राला तुम्ही पुस्तकाचं नाव विचारलंत, त्याला ते माहीतच असतं, आणि लॉग-इन असाल तर तुमच्या खात्याखाली जमा होतं. गूगलच्या खात्यात 'माय ॲक्टिव्हिटी' उघडून पाहा. स्वतःची वर्षानुवर्षांची कुतूहलं ओळीने मांडलेली पाहून हसू येतं, मग जरा पोटात गोळा येतो. पुसायची, आपोआप पुसली जातील अशी मुदत घालायची सोय तिथेच आहे.

न्यायालयाने या सगळ्याला हक्काचं नाव दिलं २४ ऑगस्ट २०१७ रोजी. के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यातल्या मुख्य निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला, नागरिकांचे हक्क गोठवणारा १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल गंभीर चुकीचा ठरवला. त्या निकालाच्या बाजूने सही करणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मग २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांना त्यात परवानगी मागायला, चूक झाली तर कळवायला भाग पाडलं आहे, हे चांगलंच. पण सार्वभौमत्व, सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून मोकळं करू शकतं. १८८५ चा 'सार्वजनिक आणीबाणी' हा शब्दप्रयोग निदान प्रसंग घडण्याची वाट तरी पाहत होता.

आणि एक गोष्ट टिळकांच्या कार्डाच्या बाबतीत उद्भवलीच नाही. अक्षर त्यांचं होतं, आणि कार्ड माझंच आहे असं त्यांनी सांगितलं. वाद होता अर्थाचा. संगणकातल्या फाइलला हस्ताक्षर नसतं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात दिल्लीत कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यातली पत्रं हा खटल्याचा मोठा आधार झाला. बचाव पक्षाने त्याची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे दिली. त्यांच्या २०२१ च्या अहवालाचं म्हणणं असं की, जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम त्या लॅपटॉपमध्ये शिरला, सुमारे २२ महिने होता, आणि पत्रं त्याच वाटेने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. एक खूण त्यांनी दाखवली ती साधी आहे: काही पत्रं वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली होती, तिच्यापेक्षा जुनी आवृत्ती त्या लॅपटॉपवर होती. तपासयंत्रणा हा अहवाल मानत नाही. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना लिहायला सुटे कागद देत नसत. पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या देत, आणि शाई नाही, शिसपेन्सिल. एखादं पान फाडून बाहेर गेलं तर आकड्यांत भोक दिसावं, ही युक्ती. 'गीतारहस्य' असल्या वह्यांत लिहिलं गेलं. फाइलींसाठी आज याच हेतूने हॅश काढतात. कितीही मोठी फाइल असो, एसएचए-२५६ नावाची रीत तिच्यातून ६४ चिन्हांची एक ओळ काढते. फाइल तीच, तर ओळ तीच. कुठे एक स्वल्पविराम हलला तर ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. अशा किती ओळी शक्य आहेत? ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या शेवटी प्रमाणपत्राचा नमुना छापला आहे, आणि त्यात हॅश लिहायला रकाना आहे. म्हणजे रत्नागिरी शहर पोलीस ठाण्यात मोबाइलमधला पुरावा दाखल करायचा झाला, तरी कोणाला तरी ती ६४ चिन्हं तिथे भरावी लागतात. ती सांगतात की जप्तीनंतर कोणी हात लावला नाही. जप्तीच्या आधी कोणी लावला होता का, ते त्यांना माहीत नसतं.